पाऊस मंडळात मोजता, मग सर्व्हर मुंबईतच का?

बुलडाण्यात पडलेला पाऊस लोणारच्या शेतकऱ्याच्या कामाचा नाही, ही गोष्ट सरकारला कधीचीच पटली आहे. म्हणून तर पाऊस महसूल मंडळात मोजतात. चोवीस तासांत ६५ मि.मी.च्या वर पडला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते. शेजारच्या मंडळात ऊन असले तरी कोणी हरकत घेत नाही. पण पीक विमा, ई-पीक पाहणी, महाडीबीटीचे अर्ज, सातबारा असे शेतकऱ्याचे अर्धे काम आता ज्या संकेतस्थळांवर चालते, ती गावात उघडतात की नाही, हे गावात बसून मोजण्याची रीत काही दिसत नाही.

तक्रार केली की वरून उत्तर येते, "सर्व्हर चालू आहे." ते खोटे नसते. ज्यांनी पाहिले त्यांच्या संगणकावर चालूच असते. पण मुंबईत पान उघडणे वेगळे आणि घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात उघडणे वेगळे. मध्ये किती भानगडी आहेत! लाईन गेलेली असते. केंद्रातला इन्व्हर्टर बसलेला असतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडलेली असते. टॉवरची बॅटरी संपलेली असते. हे सगळे ठीक असले तर मोबाईलवर ओटीपी येत नाही, आणि आला तर त्याची वेळ संपून गेलेली असते. आपला शेतकरी या सगळ्याला एकच नाव देतो, "सर्व्हर डाऊन". दोष नेमका कुठे आहे ते कळत नाही, म्हणून तो कोणाच्याच माथी बसत नाही.

२०२३ चा खरीप आठवा. एक रुपयात विमा त्याच वर्षी सुरू झाला (२०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली). अर्जाची शेवटची तारीख ३१ जुलै होती आणि केंद्रांवर झुंबड होती. त्यातच २२ जुलैला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन पूर आला. पुढे मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ती सगळ्या राज्याला सारखी. ज्या गावात पाच दिवस पान उघडले नाही त्यालाही तीन दिवस, आणि जिथे एक तासही अडले नाही त्यालाही तीनच. मंडळवार नोंद असती तर मंडळवार मुदत मागता आली असती. नोंदच नाही, तर मागायचे कशाच्या जोरावर? निंदणाच्या दिवसांत माणूस मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून तालुक्याला दोन-दोन चकरा मारतो, त्याचा हिशोब तर कोणत्याच कागदावर येत नाही.

हे दुखणे नवे नाही. १९९८ साली कोल्हापूरकडे वारणानगरच्या भोवतालच्या ७० गावांत संगणक केंद्रे काढण्याचा मोठा प्रकल्प झाला. पुढे त्या केंद्रांचे काम मुख्यतः उसाच्या नोंदी आणि हिशोबापुरते उरले. २००६-०७ च्या सुमारास तिथेच काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले गेले. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की जिथे इंटरनेट टिकत नाही तिथेही एसएमएस बहुधा पोचतो. निरोप वर धाडायला तेवढे पुरे आहे.

आता करायचे काय? प्रत्येक मंडळात एक-दोन केंद्रे ठरवावीत. तिथल्या संगणकात एक छोटा प्रोग्राम टाकावा. तो दर दहा-पंधरा मिनिटांनी ठरलेले पान मागतो आणि उघडले की नाही ते वेळेसह आपल्याच डिस्कवर लिहून ठेवतो. लाईन आली की साठलेली नोंद तालुक्याला पाठवतो. दर मिनिटाला मागू नये, उगाच डेटा जळतो आणि सर्व्हरवरही भार पडतो. सरकारी पानाबरोबर त्याने दुसरे एखादे नेहमीचे पानही उघडून पाहावे. दोन्ही उघडली नाहीत तर आपली लाईन गेली समजायचे. दुसरे उघडले आणि सरकारी नाही उघडले, तर दोष बहुधा वरचा.

तालुक्याच्या ठिकाणी मात्र एक खबरदारी घ्यावी लागेल. ज्या गावाकडून निरोपच आला नाही ते गाव "चालू"च्या रकान्यात जाता कामा नये. पर्जन्यमापक फुटला तर आपण शून्य पाऊस लिहीत नाही. "अहवाल नाही" असा वेगळा रकाना हवा, आणि तो दोन-तीन तास तसाच राहिला तर कोणीतरी फोन लावून विचारावे.

आणि नुसते पहिले पान उघडले म्हणून भागत नाही. आधार टाकले, ओटीपी आला, कागद चढले आणि पावती निघाली, एवढे झाले तरच काम झाले. प्रोग्रामला हे सगळे जमणार नाही. ते केंद्रचालकाने दिवसातून तीन वेळा, दहा, एक आणि चार वाजता, वहीत लिहावे: पावती निघाली का, किती मिनिटे लागली. वीज नसेल तर "वीज नाही" असे लिहावे, जागा कोरी सोडू नये.

ग्रामपंचायतीचे अधिकारी म्हणतील, आधीच रजिस्टरांखाली दबलो आहोत, त्यात हे आणखी एक. खरे आहे. म्हणून मी म्हणतो, बारा महिने वही नको. विम्याचे अर्ज, ई-पीक पाहणी आणि अनुदानाची मुदत एवढ्या दिवसांपुरतीच ठेवा. वरच्या कचेऱ्यांना हे आवडेल असे नाही, कारण "सर्व्हर चालू आहे" हे उत्तर मग कागदाशी ताडून द्यावे लागेल.

तोवर वरून हुकूम येण्याची वाट पाहायचे कारण नाही. साधी शंभर पानी वही पुरते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी जुलैची पाने वाचून दाखवावीत, ठरावाला जोडावीत आणि एक प्रत तहसीलला देऊन पोच घ्यावी.