हात थरथरत नाही, तरीही कंपवात

अमरावती असो की अकोला, अब्बा उंबरठ्यावर अडून उभे राहू लागले, सदऱ्याची बटणे लावायला फार वेळ घेऊ लागले, की घरात म्हणतात, "वय झालं," नाहीतर "हट्टी झालेत." हात थरथरत नसेल तर कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, शंकाही येत नाही. या समजुतीपायी उपचार लांबतो, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

थोडा दोष नावाचाही आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन 'थरथरता लकवा' अशा अर्थाच्या नावाने केले. आपला 'कंपवात'ही तसाच!

मेंदूच्या खोल भागात विजेच्या लहरी उठतात. त्यांतली सेकंदाला १३ ते ३० वेळा उठणारी ती 'बीटा' लय. आपण पाऊल उचलायला निघालो की ती ओसरते आणि हालचालीला वाट मिळते. डोपामीन कमी पडले की ती पुरेशी ओसरत नाही. इतवारा बाजारात सगळेच दुकानदार एका सुरात ओरडू लागले तर कोणाचा भाव ऐकू येईल? तसेच हे. ही लय जोरकस असली की ताठरपणा आणि मंदपणा वाढलेला दिसतो. थरथर वेगळी, ती सेकंदाला ४ ते ६ वेळा. म्हणूनच हात स्थिर असलेला माणूसही जागीच खिळतो.

लिव्होडोपाची गोळी ही लय उतरवते. मेंदूत तार बसवून वीज देण्याची शस्त्रक्रिया मुंबईत जसलोकसारख्या रुग्णालयांत होते. ती महाग आहे आणि प्रत्येकासाठी नाही. ही लय ऐकून वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

घरी मात्र फुकटचा उपाय आहे, बाहेरून ताल देण्याचा. "एक, दोन" मोजा. फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवा. दारात अडलेले बुजुर्ग मशिदीतल्या सफांच्या रेषा ओलांडत सहज चालू शकतात, ते यामुळेच. हात धरून ओढू नका, तोल जातो.

आणि रमजान. सहरी ते इफ्तार गोळीविना राहिल्यास शरीर आखडते. गोळी एकदम बंद करणे तर धोक्याचे. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच. तरी रोजे ठेवायचेच असतील, तर महिना लागण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या.