प्रमाणपत्र कुणाला, वर्ग कुणाकडे?

सुट्ट्या जवळ आल्या की महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये एकच चर्चा असते. ओरिएंटेशन झालं का? रिफ्रेशर किती राहिले? तिथे काय शिकलात, हे मात्र कुणी विचारत नाही.

१९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. पुढे ती मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि २०२३ला मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं. पाट्या बदलल्या, हेतू तोच राहिला आणि तो चांगलाच आहे. शाळेत शिकवायला डी.एड., बी.एड. लागतं. महाविद्यालयात मात्र नेट-सेट झालं की माणूस थेट वर्गावर. तेव्हा प्रशिक्षण हवंच.

घोळ पुढे आहे. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला स्तर १०वरून ११वर जायचं तर २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो. म्हणजे प्रशिक्षण बढतीला बांधलं. मग ज्याच्या नशिबी बढतीच नाही, त्याचं काय?

मी येडशीत राहतो आणि एसटीने जाऊन-येऊन एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. आम्हाला पगार नाही, तासाचे पैसे मिळतात. कायम प्राध्यापक कर्तव्यरजेवर प्रशिक्षणाला जातात, त्यांचा पगार सुरू राहतो. मी दोन आठवडे गेलो तर दोन आठवड्यांची कमाई बुडाली. ऑनलाइन म्हटलं तरी सत्राची आणि माझ्या तासाची वेळ एकच! दार उघडं आहे म्हणायचं आणि उंबरठ्यावर भाडं मागायचं, असा हा प्रकार.

आणि वर्गात कोण बसलेलं असतं? उर्दू माध्यमातून दहावी करून मराठीत बी.ए. करणारी मुलगी. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून दिवाळीनंतर वर्गात न दिसणारा मुलगा. यांना कसं शिकवायचं, यावर एखादं सत्र मी पाहिलेल्या विषयपत्रिकांत तरी नव्हतं. धोरणावरच्या पीपीटी मात्र भरपूर. टाळेबंदीत तर कहर झाला. वेबिनार लावून ठेवा, गूगल फॉर्म भरा, ई-प्रमाणपत्र मेलवर हजर. नॅकच्या फाइलीत आकडा वाढला, एवढंच.

आमच्या घरांत तालीम आणि तरबियत हे दोन शब्द वेगळे आहेत. एक शिकवणं, दुसरं घडवणं. प्रमाणपत्राने यातलं काहीच सिद्ध होत नाही, सिद्ध होते ती फक्त हजेरी.

कुणी म्हणेल, चांगले मार्गदर्शकही येतात. येतात ना! त्यांनाच आमच्याकडे पाठवा. मागच्या बाकावर बसून त्यांनी आमचा तास पाहावा, चुका तोंडावर सांगाव्यात. तासिका शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे तास कामाचे धरून त्याचे पैसे द्यावेत. बढती देताना कागद मोजण्याऐवजी वर्गात काय बदललं ते विद्यार्थ्यांना विचारावं. आणि सगळ्यात आधी रिक्त जागा भराव्यात. पुढच्या वर्षी कामावर असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचा 'व्यावसायिक विकास' कोणती कार्यशाळा करणार आहे?