देव रिचार्ज होतो का?

तर झालं असं, की गेल्या रविवारी आमच्या चेण्याच्या घरी नेहमीचा डाव रंगात आला होता. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पाच टाळकी, ढीगभर फासे आणि आईचे कांदेपोहे. आणि पुजारी झालेला मित्र एकदम वैतागलाच. "यार, मी भक्त आहे की फर्स्ट एडचा डबा? पुढच्या वेळी मी चोर होणार!"

खरं सांगायचं तर मुद्दा त्याचाच बरोबर होता. 1974 पासून चालत आलेल्या या खेळात जादूगार पोथी घोकून मंत्र शिकतो आणि पुजाऱ्याला ते देव देतो. पण मंत्र संपले की दोघांचा हिशोब एकच. रात्रभर झोपा, सकाळी सगळे परत. मोबाईल चार्जिंगला लावावा तसं!

आता आपल्या घरात बघा. आई दृष्ट काढते. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या, दोन मिनिटांत काम खलास. भटजी नको, उपास नको, शेजारच्या काकूंनाही जमतं. ही झाली रोजची जादू. पण आजी काशीला जाऊन आली तेव्हा हापूस सोडून आली. रिवाजच आहे तो, आवडती वस्तू देवाला वाहायची. नंतर दर मे महिन्यात आमच्यासाठी फोडी करायची, स्वतः एकही नाही खाल्ली. ही भक्ती. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात, पण किंमत वेगळी.

1978 साली आलेल्या रुनक्वेस्ट या खेळाला हे बरोबर कळलं होतं. त्यात किरकोळ जादू कोणालाही येते आणि तिला लागलेली शक्ती दिवसभरात भरून निघते. देवाचा मंत्र हवा असेल तर मात्र स्वतःच्या शक्तीचा अंश कायमचा अर्पण करायचा. गेला तो गेला.

माझं मत विचाराल तर नियम असाच हवा. रोजची जादू स्वस्त आणि सगळ्यांना. भक्ती महाग, पण तिचं फळही इतर कोणाला न मिळणारं. आणि वापरलेला मंत्र झोपून नाही, देवाच्या सणाला पूजा केल्यावरच परत.

हे शेवटचं सुचलं ते आमच्या आसपासच्या जंगलामुळे. इथे बिबट्या आहे आणि वारली लोकांचा वाघोबाही आहे. त्याला वर्षाचा मान द्यायचा, त्याने माणसांना, गुरांना सांभाळायचं. हा मंत्र नव्हे, नातं आहे, आणि नातं दोन्हीकडून निभवावं लागतं. वाघोबाला मात्र मी खेळात आणलं नाही. तो कोणाचा तरी खरा देव आहे, आपल्या फाशांवर कशाला नाचवायचा?

"असं केलंस तर पुजारी दुबळा होईल, कोण घेईल?" असं एकजण म्हणालाच. शंका रास्त आहे. म्हणून या रविवारी नवे नियम लावून बघितले. दरीत जादूगार मरायला टेकला. पुजारी मित्राने विचारलं, "हा पॉइंट परत मिळणार नाही ना?" म्हटलं, "नाही." तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला, मग खोडरबर घेऊन आकडा पुसला. पोह्यांची बशी तशीच राहिली होती.

चोराचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. असो, पुढच्या रविवारी बघू.