'मस्ट'ची शिडी आणि आपले 'पाहिजे'

काही वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला होत्या. इंग्रजी वाक्यांचा मराठी अनुवाद करा, असा प्रश्न होता आणि त्यातले एक वाक्य होते 'यू शुड सी अ डॉक्टर'. एका मुलीने लिहिले होते, 'तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.' मी तिला पूर्ण गुण दिले. फेरतपासणीत ते कापले गेले. आदर्श उत्तर होते, 'तुम्ही डॉक्टरांना भेटले पाहिजे.' मुलीच्या वाक्यात 'पाहिजे' नव्हते, तेव्हा 'शुड' आलेच नाही, असा निर्णय झाला. मी वाद घातला आणि हरले. त्या खोलीत बसलेल्या आम्हां सगळ्यांच्या घरी कुणी आजारी पडले असते, तर आम्ही सगळे त्या मुलीचेच वाक्य बोललो असतो, आदर्श उत्तर एकानेही उच्चारले नसते. तरीही गुण गेले ते तिचे.

या गोष्टीच्या मुळाशी एक शिडी आहे. इंग्रजीच्या मार्गदर्शकांत 'मोडल ऑक्झिलरी' नावाचे जे प्रकरण असते, त्यात ती हटकून भेटते. खालच्या पायरीवर 'कुड', मग 'शुड', मग 'ऑट टू', आणि अगदी वर 'मस्ट'. खाली सौम्य सूचना, मध्ये सल्ला, वर सक्ती. समोर मराठी प्रतिशब्दांचा रकाना: 'शुड' म्हणजे 'पाहिजे', 'मस्ट' म्हणजे 'च पाहिजे'. माझे म्हणणे असे की ही शिडी इंग्रजीच्या बाबतीत खोटी आहे आणि मराठीच्या बाबतीत घातक आहे.

आधी इंग्रजीचे पाहू. पाहुणचार करणारी इंग्रज बाई म्हणते, 'यू मस्ट हॅव सम ऑफ धिस केक.' ही सक्ती आहे काय? हा निव्वळ आग्रह आहे, आपल्या 'अहो, घ्या हो थोडा'सारखा. तिथे 'शुड' घातले तर वाक्य सौम्य होण्याऐवजी किंचित उद्धट होते. जणू पाहुण्याच्या प्रकृतीला केकची गरज आहे. आणि 'हॅव टू' घातले तर केक बेचव आहे, पण इलाज नाही, असा सूर लागतो. रॉबिन लेकॉफ यांनी 1972 साली 'लँग्वेज' या नियतकालिकातल्या लेखात नेमका हाच मुद्दा मांडला होता: या क्रियापदांचा जोर शब्दात ठरलेला नसतो, कृतीचा लाभ कुणाला आणि बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्यावर अधिकार किती, यावर तो ठरतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, आमच्या मार्गदर्शकांपर्यंत हे अजून पोचायचे आहे.

शब्दांचे मूळ पाहिले तर शिडी आणखी डळमळते. 'ऑट' हे 'ओ' म्हणजे देणे लागणे या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप. 'शुड' हे 'शॅल'चे भूतकाळी रूप आणि जुन्या इंग्रजीत 'शॅल'चा अर्थही ऋण असणे हाच होता. म्हणजे इंग्रजांचे कर्तव्य वाण्याच्या वहीतून आले. आणि ज्याला आपण सर्वांत वरच्या पायरीवर बसवतो तो 'मस्ट'? तो ज्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे, त्याचा अर्थ मुळात 'परवानगी असणे' असा होता. मुभेची सक्ती झाली. आजच्या 'मस्ट'ला स्वतःचा भूतकाळ नाही आणि त्यासाठी 'हॅड टू'ची उसनवारी करावी लागते, त्याचे एक कारण हेच.

शिवाय ही व्यवस्था स्थिरही नाही. जेफ्री लीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 च्या आणि 1990 च्या दशकाच्या आरंभीच्या छापील इंग्रजीचे संग्रह ताडून पाहिले, तेव्हा 'मस्ट', 'शॅल', 'ऑट' यांचा वापर उतरलेला आणि 'नीड टू' चढलेला आढळला. हुकूम देणारे शब्द मागे सरकले आणि 'तुमचीच गरज आहे' असे सांगणारे पुढे आले. कायद्याच्या भाषेत उलट वारे वाहिले: दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेने जुना 'शॅल' टाकून 'मस्ट' स्वीकारला, कारण 'शॅल' भविष्य सांगतो की आज्ञा देतो, हा घोळ वकिलांना पोसत होता. असो.

आता मराठी. आपल्याकडे या अर्थाची सामग्री किती आहे, याचा हिशोब शाळेत कधी मांडलाच जात नाही. '-वे' हा प्रत्यय संस्कृत 'तव्य'चा वंशज. 'कर्तव्य' आणि 'करावे' ही एकाच घरची भावंडे. 'पाहिजे' हे 'पाहणे'चे जुने कर्मणी रूप: जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते 'पाहिजे'. 'लागणे' म्हणजे चिकटणे, स्पर्श होणे. वाण्याची वही नव्हे, नजर आणि स्पर्श. यातून कर्तव्याविषयी जी समज दिसते ती इंग्रजीहून वेगळी आहे, आणि ती केवळ धातूंत राहिलेली नाही, विभक्तीतही उतरली आहे. 'त्याने जायला हवे' आणि 'त्याला जावे लागते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात तो तृतीयेत आहे, म्हणजे कर्ता आहे, जबाबदारी त्याची. दुसऱ्यात तो चतुर्थीत आहे, म्हणजे प्रसंग त्याच्यावर येऊन पडला आहे. भूक लागते, ठेच लागते, तसे जावे लागते. बोलीत 'मला जायला हवं' असेही आपण म्हणतो, तेव्हा ही रेघ पुसट आहे हे मान्य. पण रेघ आहे. 'आय मस्ट' आणि 'आय हॅव टू' या दोहोंत 'आय' जसाच्या तसा उभा असतो. इंग्रजी व्याकरणे 'मस्ट' आतून आणि 'हॅव टू' बाहेरून असा भेद ओढूनताणून शिकवतात. आपल्याकडे तो ने आणि ला यांच्यात सहज पडलेला आहे. तो वापरून शिकवले तर इंग्रजीही सोपे होईल. 'शुड हॅव गॉन' आणि 'हॅड टू गो' यांत मुले वर्षानुवर्षे गोंधळतात. 'जायला हवे होते' म्हणजे गेला नाही, 'जावे लागले' म्हणजे गेला. हे ज्या मुलाला दुसरीतच कळते, त्याला आपण रकाने पाठ करायला लावतो.

आणि सल्ला? सल्ला मराठी माणूस 'पाहिजे'ने क्वचितच देतो. तो सहायक क्रियापदांनी देतो. 'दाखवून घ्या', 'सांगून ठेव', 'विचारून बघ', 'एकदाचं करून टाक'. 'घेणे'त तुमचा लाभ आहे, 'ठेवणे'त पुढची सोय, 'बघणे'त फसले तरी हरकत नाही ही मोकळीक, 'टाकणे'त सुटका. लेकॉफ ज्या लाभाविषयी बोलतात, तो मराठीने क्रियापदातच ओवला आहे. थोरांना सांगायचे तर आपण कर्ताच गाळतो: 'मी म्हणते, एकदा जाऊन यावं.' कुणी जाऊन यावे हे ज्याचे त्याने समजायचे. 'आत यावे, बसावे' हे तर शुद्ध आदरातिथ्य. त्याचे 'यू शुड कम इन' केले तर पाहुणा दारातूनच परत जाईल.

हे सारे शिडीखाली चिरडले जाते आणि नुकसान परीक्षेपुरते राहत नाही. ज्या पिढ्या 'शुड बरोबर पाहिजे' घोकून आल्या, त्याच आज अनुवाद करतात, अग्रलेख लिहितात. 'ही मस्ट बी टायर्ड'चे 'तो थकलाच पाहिजे' झालेले मी छापील कादंबरीत वाचले आहे. 'दमला असेल बिचारा' हे त्या अनुवादकाच्या आईला सुचले असते. आणि आपली समीक्षा! 'लेखकाने समाजाभिमुख असले पाहिजे', 'कवीने परंपरेचे भान ठेवले पाहिजे', 'आपण याचा विचार केला पाहिजे'. हे 'आपण' कोण? हे कर्तव्य लादले कुणी, आणि ते न केल्यास बिघडेल काय? ह्यूमने 1740 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथखंडात तक्रार केली होती की नीतीचे लेखक 'आहे' म्हणता म्हणता न सांगता 'असावे'वर घसरतात. आमचे समीक्षक घसरण्याचेही कष्ट घेत नाहीत, ते 'पाहिजे'पासूनच सुरुवात करतात. बांधिलकीवरच्या आपल्या वादांत बांधणारा कोण आणि बांधला गेलेला कोण, हे तृतीया-चतुर्थी लावून कुणी विचारले असते, तर निम्मे वाद वाचले असते.

मला सांगण्यात येते की नवशिक्याला शिडी लागतेच, आणि हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर एक ठरलेले उत्तर हवेच. पहिली अडचण मला मान्य आहे. नवशिक्याला काहीतरी धरायला द्यावे लागते. पण मग दोन प्रश्न द्या: बांधतो कोण, आणि लाभ कुणाचा? आठवीतले मूल एवढे विचारू शकते. दुसरी अडचण मला मान्य नाही. ती तपासणाऱ्याची सोय आहे, भाषेचा नियम नव्हे, आणि तिची किंमत मुले मोजतात.

त्या मुलीचा बैठक क्रमांक मला अर्थातच आठवत नाही. अक्षर आठवते. 'दाखवून घ्या'च्या आधी तिने काहीतरी लिहून खोडले होते; उजेडात धरून पाहिले तर वाचता येत होते. तिथे 'भेटले पाहिजे' असेच लिहिलेले होते.