उंच खेळाडूची खरी जागा कोणती?

कळवण : कॉलेजच्या संघात उंच मुलगा दिसला, की त्याला थेट बास्केटखाली उभे केले जाते. पण भूमिका केवळ उंचीवर ठरते का? नाशिक जिल्ह्यातीलच तळेगाव रोहीच्या (ता. चांदवड) दत्तू भोकनळचा प्रवास वेगळे सांगतो.

लष्करात गेल्यावर उंचापुरा दत्तू नौकानयनाकडे वळला. लांब हातांमुळे वल्ह्याचा पल्ला वाढतो. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तो तेरावा आला.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत मात्र एकेरीच्या अंतिम फेरीत तो मागे पडला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या नौकेत त्याने सुवर्ण जिंकले.

एकेरीत सगळा भार एकट्यावर. चौघांत ताकदीइतकाच तालही महत्त्वाचा. म्हणूनच एका निकालावरून खेळाडूला बाद ठरवण्याऐवजी प्रशिक्षकांनी आधी त्याची जागा बदलून पाहावी.