झडती घ्यायला माणूस कुठे आहे?

दिवाळीच्या अंकात तुरुंगाचा विषय काढू नये, असे आमच्या घरी एकमताने ठरले होते. चिवड्याला फोडणी पडत असताना कैद्यांच्या गोष्टी कशाला, हा त्यांचा सवाल. परंतु गेल्या दिवाळीत त्याच चिवड्याच्या बशीवर माझ्या तोंडून एक प्रश्न निघून गेला, आणि त्याची लाज अजून उतरलेली नाही. तेव्हा घरच्यांची क्षमा मागून हे लिहितो.

माझा भाचा एका जिल्हा कारागृहात शिपाई. त्याच्या पहाऱ्यातल्या बराकीत झडतीच्या वेळी मोबाइल सापडला आणि तो निलंबित झाला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ताईच्या शेजारणी जिन्यात हळू आवाजात बोलू लागल्या. 'उगीच कोणी काढते का? काहीतरी खाल्लेच असणार.' आणि तीस वर्षे पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेला मी, भाऊबीजेच्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारता झालो, "खरे सांग, किती घेतलेस?" 'घेतलेस का' नव्हे, 'किती'!

तो रागावला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "पैसे नाही घेतले, मामा. पण एका रात्री पांघरुणाखाली उजेड दिसला होता. मी बघितला नाही."

दिसला, पण बघितला नाही, याचा अर्थ त्याने मला नीट उलगडून सांगितला. संध्याकाळी कैदी कोंडले की बराकींच्या किल्ल्या जमा होतात. रात्रीचा शिपाई गजांच्या बाहेरून फेऱ्या घालतो. हाती काठी आणि गळ्यात शिट्टी. दार उघडायचे तर अधिकारी हवा आणि पाठीशी पाच-सहा माणसे हवीत. त्या रात्री साऱ्या तुरुंगाला अधिकारी एक. भाच्याकडे बराकी तीन. आणि पाच-सहा माणसे म्हणाल तर ती फक्त मंजुरीच्या कागदावर. त्याने शिट्टी मारली असती तर कुमक येईपर्यंत तो मोबाइल तीन हातांतून फिरून शौचकुपात गेला असता. मग सकाळी कुलपे निघाली की सव्वाशे जणांच्या घोळक्यात हा एकटा उभा. त्यांपैकी एकाने चार दिवसांपूर्वीच, अगदी गोड हसून, त्याची धाकटी बहीण कोणत्या कॉलेजात जाते ते त्याला सांगितले होते.

मी त्याचे समर्थन करीत नाही. पाहून न पाहणे हा कर्तव्यातला कसूरच. पण त्या पोराच्या जागी मी असतो तर शिट्टी मारली असती काय, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ज्यांना सांगता येईल त्यांनी खुशाल पुढील मजकूर सोडून रांगोळीकडे वळावे.

तुरुंगात गांजा सापडला, मोबाइल सापडला, की आपण सुखवस्तू माणसे एका सुरात ओरडतो: झडत्या वाढवा, जॅमर बसवा, कॅमेरे लावा, शिपायांना घरी पाठवा! माझा सवाल एवढाच, की झडती घ्यायची कोणी? जॅमर एका पिढीच्या मोबाइलसाठी बसवावा, तर बाजारात पुढची पिढी येते आणि यंत्र शोभेला उरते. कॅमेरा पाहतो खरा, पण त्याच्या पडद्यापुढे डोळे उघडे ठेवून बसणारा माणूस लागतोच. आणि तो बसायच्या वेळी फाटकावर किंवा कैद्याबरोबर इस्पितळात गेलेला असतो. तरीही कॅमेरे येतात. कॅमेऱ्याची निविदा निघते, उद्घाटन होते, फोटो येतो. भरलेल्या पदाची फीत कापता येत नाही ना!

आता थोडे आकडे सोसा. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ जणांची आणि माणसे होती ५,७३,२२०. त्यांतले चारांत तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. आणि ही गर्दी सांभाळणाऱ्यांची मंजूर पदे? त्यांतली सुमारे तीस टक्के रिकामी. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने दर सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा असे म्हटले आहे. भाच्याला हा नियम सांगितला तेव्हा तो इतका हसला की ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

माल आत जातो कसा, हे पाहिले तर माणसाच्या अक्कलहुशारीला हात जोडावेसे वाटतात. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात डिसेंबर २०२० मध्ये गांजा आणि मोबाइल बांधलेली पुडकी चक्क भिंतीवरून आत पडली. बिहारात गोपाळगंजच्या तुरुंगात फेब्रुवारी २०२३ मध्ये एका बहाद्दराने झडतीला भिऊन मोबाइल गिळला, आणि डॉक्टरांना तो पोटातून काढावा लागला. न्यायालयाच्या तारखेहून परतणारा कैदी, मुलाखतीला आलेला पाहुणा, बाहेरून येणारी भाजीची गाडी, ह्या सगळ्या वाटा जुन्याच. प्रत्येक वाटेवर एक सावध माणूस पुरतो. पण तारखेवरून एकदम चाळीस कैदी परतले आणि फाटकावर दोघेच असले, तर तिला झडती म्हणायचे, की पाठीवर थोपटणे?

आणि हो, खाकीतलेही खातात. खातातच. तंबाखूची पुडी आत गेली की तिची किंमत बाहेरच्या कितीतरी पट होते, हे भाचाच सांगतो. तिथे एखाद्याचा हात ओला झाला नाही तरच नवल. भामट्याची पाठराखण करायला मी बसलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच, की पहाऱ्यावर दोघे असले की खाणाऱ्याला दुसऱ्याची भीती असते. एकटाच असला की भामट्याला मोकळे रान मिळते, आणि प्रामाणिकाला साक्षीदार मिळत नाही. उद्या चौकशीत दोघे सारखेच दिसतात.

नागपूरची गोष्ट आठवा. ३१ मार्च २०१५ च्या पहाटे मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी पळाले. मोठा गहजब झाला, निलंबने झाली, झडत्यांत मोबाइलवर मोबाइल सापडले. काल तिथे काही नव्हते आणि आज एकदम उगवले, असे तर नसेल! झडतीला माणसे घटनेनंतर मिळतात आणि गहजब ओसरला की पुन्हा पांगतात. १८९४ च्या कारागृह कायद्यात अशा चोरट्या मालाला सहा महिने कैद, दोनशे रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली होती. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या आदर्श कायद्यात मोबाइलला तीन वर्षांपर्यंतची कैद सुचवली आहे. उत्तम! पण ती तीन वर्षे तो कुठे काढणार? त्याच बराकीत आणि त्याच एका शिपायाच्या नजरेखाली.

कैद्यांचा कळवळा असणाऱ्या माझ्या मित्रांवरही माझा राग आहे. झडती म्हटली की ते 'अमानुष' म्हणून उठतात. अहो, चोरट्या मालाचा पहिला बळी गरीब कैदीच! ज्याच्याकडे मोबाइल तो बराकीचा राजा. एका कॉलसाठी बाकीच्यांच्या बायकांना बाहेर पैसे पोचवावे लागतात. २०२३ मध्ये येरवड्यात कैद्याला घरी फोन करण्यासाठी स्मार्ट कार्डाची सोय सुरू झाली, ती म्हणूनच मला शंभर जॅमरांपेक्षा मोलाची वाटते. पोराचा आवाज सरळ मार्गाने ऐकू आला, तर निम्मे गिऱ्हाईक तिथेच तुटते. जुलै २०२४ पासून नव्या संहितेने पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याला, आरोप जन्मठेपेचा किंवा फाशीचा नसेल तर, कमाल शिक्षेचा तृतीयांश काळ भोगल्यावर सुटकेची वाट दिली आहे. ती नेटाने राबवली तर बराकी थोड्या रित्या होतील. मात्र त्यासाठीही कागद पाहणारा कारकून हवा. आणि कारकुनाची जागासुद्धा रिकामीच असते, हे सांगायला नको.

या नोकरीत यायला कोणाला हवे आहे? भाच्यासाठी दोन स्थळे सांगून आली होती. 'तुरुंगात असतो' एवढे ऐकून दोन्ही परत गेली. सलग दोन-दोन पाळ्या, दिवाळीला रजा नाही, आणि चुकून मोबाइल सापडला तर मामासुद्धा विचारतो, किती घेतलेस?

चौकशी यंदा पावसाळ्यात आटोपली. पैसे घेतल्याचे काही निघाले नाही; हयगयीचा ठपका ठेवून, वेतनवाढ रोखून, त्याला दुसऱ्या जिल्ह्यात धाडले. यंदा भाऊबीजेला तो रात्रपाळीवर आहे. ताईने डबा भरून ठेवला आहे, तो मी उद्या एसटीने घेऊन जाणार. परवा फोनवर मी सहज विचारले, "तुझ्या त्या जुन्या बराकीवर आता कोण असतो रे?"

"कोणी नाही, मामा. माझी जागा भरलीच नाही. शेजारचा हवालदार आता चार बराकी बघतो."