स्क्रू-ड्रायव्हर कुणाच्या हातात?

दिवाळीत किल्ला कोण बांधतं, हे आपल्या गल्लीत एकदा नीट बघा. विटा रचणं, पोत्यावर चिखल थापणं, भुयार काढणं ही कामं मुलांकडे. मुली पाणी आणून देतात, हळीव पेरतात, मावळे मांडतात. कुणी सांगितलेलं नसतं, तरी वाटणी बरोब्बर होते!

वाढदिवसालाही तेच. भावाला मेकॅनिक्सचा डबा, बहिणीला भांडीकुंडी. भातुकलीला मी नावं ठेवत नाही हं, मीही ती मनसोक्त खेळलेय. पण भातुकलीतला चहा खोटा-खोटा चालतो. पट्ट्या आणि नट-बोल्टचा पूल मात्र खराच उभा राहावा लागतो. पडला तर का पडला, कुठला बोल्ट ढिला राहिला, हे शोधावं लागतं. ही शोधायची सवय हातात मुरते आणि जन्मभर पुरते.

या खेळण्याचा मूळपुरुष म्हणजे मेकॅनो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांसाठी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या बनवल्या आणि १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जाहिरातीही मुलग्यांसाठीच असायच्या. त्या डब्याची ताकद केवढी, तर १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून चक्क अवघड गणितं सोडवणारं यंत्र उभं केलं. मोठी माणसं, आणि हातात लहानपणचंच खेळणं!

आपल्याकडेही रविवारी पंखा उघडून बसणारे, फळ्या कापून मांडणी ठोकणारे काका-दादा घरोघरी असतात. त्यांना हौशी म्हणतात. बाईने तेच केलं की, ‘कशाला नसते उद्योग?’ माझ्या ओळखीच्या एक वहिनी भावाच्या मेकॅनिक्सवर हात साफ करत वाढल्या. आज मिक्सरचा कपलर त्या स्वतःच बदलतात. आधी प्लग काढायचा, आणि बऱ्याच मिक्सरमध्ये तो उलट्या आट्यांचा असतो, एवढं ठाऊक असलं की झालं. नाहीतर मिस्त्रीची वाट बघत आठ दिवस पाट्यावर चटणी वाटा!

डबे महाग असतात, हे खरं. पण त्यावर अरविंद गुप्तांनी कधीच तोड काढलीय. आयआयटी कानपूरला शिकलेले, पुण्यात टेल्कोत नोकरी केलेले हे इंजिनिअर १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीतल्या काड्या यांतून त्यांनी मेकॅनोच तयार केला. पुढे पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी बनवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरी करून बघा. ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. तिचा पेराएवढा तुकडा कापा आणि दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसा. झाला सांधा! तीन काड्या, तीन सांधे, की त्रिकोण. तो दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच लुळा पडतो. पत्र्याच्या छपराखालची लोखंडी कैची त्रिकोणांचीच का असते, हे पोरीला तिथल्या तिथे कळतं. चौथीतल्या मुलीलाही, आणि तिच्या आईलाही.

फक्त काड्यांचं गुल आधी तुम्ही खरवडून द्या, आणि चौकोन लुळा पडला की लगेच सांगायला धावू नका. आडवी-तिरकी काडी लावायचं तिचं तिला सुचू दे. वेळ लागला तर लागू दे, गृहपाठ जरा उशिरा झाला तरी चालेल.